समाईक भिंत

पनवेलला माझे जे घरमालक होते, त्यांना भिंती बघायचा नाद होता. कुणाला क्रिकेटचा असतो, कुणाला लोकांची लग्नं जुळवायचा असतो, तसा त्यांना भिंतींचा. म्हणजे चित्रं काढलेल्या भिंतींचा. शहर सुशोभित करायची लाट आली तेव्हा पनवेलमधली शाळांची कुंपणं, उड्डाणपुलाचे खांब, तलावाचे कठडे, सार्वजनिक मुताऱ्या, जे म्हणून उभं होतं आणि पळून जाऊ शकत नव्हतं ते सगळं रंगवलं गेलं. बाकीच्या गावानं एकदा मान वळवून बघितलं, दोन सेल्फी काढले आणि पुन्हा ट्रॅफिकला शिव्या द्यायला सुरुवात केली. आमचे चाचा मात्र तेव्हापासून कामाला लागले.

सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही. मी लातूरकडचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी लागली आणि मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो. खोली दाखवताना पाणी किती वाजता येतं, हे त्यांनी सांगितलं नाही. खिडकी उघडली, समोरच्या शाळेची भिंत दाखवली आणि विचारलं, "हे काय आहे?"

भिंतीवर गुलाबी पक्षी होते. मी म्हणालो, "फ्लेमिंगो."

"बदकं आहेत. ताप आलेली," ते म्हणाले. "रोज सकाळी उठून हेच बघावं लागेल. सहन होणार असेल तर खोली तुमची."

मला सहन झालं. पण त्याबरोबर चाचांच्या रविवारच्या फेऱ्याही सहन कराव्या लागतील, हे करारात नव्हतं. रविवारी सकाळी चहा संपायच्या आत जिन्याखालून हाक यायची, "चला, नवीन भिंत आलीय." जसं काही बंदरात जहाज आलंय.

भिंत बघायची त्यांची एक रीत होती. आधी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, मध्ये कितीही वाहनं जाऊ देत. मग चष्मा काढायचा. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "चष्म्यानं रेषा दिसतात. आधी रंग बघावा. रंग खोटा असेल तर रेषा बघायचे कष्ट कशाला?" मग रस्ता ओलांडून भिंतीजवळ जायचं आणि बोटाच्या सांध्यानं ठोकायचं, डॉक्टर पाठ ठोकतो तसं. "पोकळ आहे. प्लास्टर सुटलंय. हा वाघ पुढचा पावसाळा बघत नाही." वाघाच्या प्रकृतीबद्दल त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

निकाल देताना ते एकच शब्द वापरायचे, माशाल्ला. लांबवून म्हटला तर चित्र उत्तम. तोडून म्हटला तर चित्रकाराला अल्लाच वाचवो. मी तिथे असेपर्यंत लांब माशाल्ला फारसा कुणाच्या वाट्याला आला नाही. पुलाखालच्या खांबावर कुणीतरी कर्नाळ्याचा सुळका काढला होता. चाचा म्हणाले, "हा किल्ला नाही, हा अंगठा आहे. दहावी पास झाल्यावर पोरं दाखवतात तसा." एसटी स्टँडाजवळच्या भिंतीवर मोठा सूर्यास्त होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पान खाऊन त्यात खालून इतकी भर घातली होती की मूळचा कुठला आणि नंतरचा कुठला ते कळेना. चाचा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही एकच भिंत अशी की जिला सगळ्या गावानं हात लावलाय. हात म्हणजे..." आणि पुढचं त्यांनी सभ्यपणानं सोडून दिलं.

एकदा त्यांनी रिक्षावाल्याला उड्डाणपुलाच्या एका खांबाभोवती फिरायला लावलं. चित्र खांबाच्या चारी बाजूंनी होतं, आणि चाचांच्या मते ते तुटू न देता बघायला हवं होतं. रिक्षावाला जवळच्याच गावातला. दुसऱ्या फेरीला तो मागे वळून म्हणाला, "चाचा, खांब काय पलून चाललाय काय? उतरून बघा ना. आमी हाव इथंच."

"उतरलो की पाय दिसतात," चाचा म्हणाले. "चित्र दिसत नाही."

रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. रिक्षा फिरत राहिली.

हा नाद त्यांना लागला कुठून, ते चाचींकडून कळलं. चाचांची उभी जवानी कुवेतला गेली. तिथे एका बांधकाम कंपनीत ते रंगकामाच्या टोळीवर सुपरवायझर होते. नव्या इमारती बाहेरून रंगवायच्या, सगळ्या एकाच रंगात. "वाळूचा रंग," चाचा स्वतः एकदा म्हणाले होते. "वाळूच्या मुलखात वाळूचा रंग. एकदा मी साहेबाला विचारलं, खिडक्यांना तरी हिरवा देऊ का? तो म्हणाला, हिरवा पाहिजे तर घरी जा. मग आलो घरी."

घरी आले ते असे भिंतींना भुकेलेले. पण स्वतःच्या घरात एक चित्र नव्हतं. माणसं, प्राणी, पक्षी यांची चित्रं घरात नकोत, या बाबतीत ते पक्के होते. बाहेर मात्र कोळिणीच्या चित्रासमोर उभे राहून तिच्या नाकाविषयी तासभर बोलायचे. मी एकदा हळूच ही विसंगती दाखवली. ते म्हणाले, "बघणं वेगळं, घरात ठेवणं वेगळं."

आतून चाची म्हणाल्या, "बाकीच्या पुरुषांचं हे बायकांच्या बाबतीत असतं. आमच्याकडे भिंतींवर निभावलं, शुक्र आहे."

आता त्यांच्या घराविषयी सांगायला हवं. घर त्यांच्या वडिलांचं. वडील मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, तांडेल म्हणजे कप्तान होते. पनवेलच्या खाडीतून तांदूळ, मीठ, कौलं भरून मुंबईला न्यायचे. त्यांच्यामागे घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ. भावाचं बाजारात मसाल्याचं दुकान होतं. माणूस उंच, शांत, आणि अंगाला कायम धण्या-जिऱ्याचा वास. दोन दरवाजे, दोन फाटकं, दोन पाण्याच्या टाक्या. रस्त्याकडची कुंपणाची भिंत तेवढी एकसलग राहिली होती, कारण ती तोडायची तर दोघांनी बोलायला हवं होतं, आणि ते बोलत नव्हते.

कारण असं की वडील वारले तेव्हा चाचा कुवेतमध्ये होते. ते पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. दारातच त्यांनी भावाला विचारलं, "मी येईपर्यंत थांबता आलं नाही?" भाऊ म्हणाला, "मय्यत थांबवतात का कुणासाठी?" दोन्ही प्रश्नच होते. उत्तर कुणीच दिलं नाही. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. मुलींची लग्नं झाली, ईद आल्या-गेल्या, शिरखुर्म्याच्या वाट्या जावा-जावांनी मागच्या दारानं इकडून तिकडे पोचवल्या. भाऊ एकाच फुटपाथवरून समोरासमोर आले की दोघंही शाळेच्या भिंतीवरची बदकं बघायचे.

आमच्या गल्लीतल्या भिंती रंगवायच्या ठरल्या तेव्हा चाचांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आणि गल्लीतली एकेक भिंत रंगून झाली तरी त्यांच्या भिंतीला कुणी हात लावेना. मुलं रंगाचे डबे घेऊन यायची, त्यांच्या फाटकाशी पोचली की पावलं उचलून पुढे जायची. चौकशी केली तेव्हा कळलं की गावातल्या यच्चयावत चित्रकारांनी चाचांचा धसका घेतला होता. प्रत्येकाच्या वाघाला, सूर्याला, अंगठ्याला त्यांनी कधी ना कधी भर रस्त्यात नावं ठेवली होती. त्यांची भिंत म्हणजे परीक्षकाच्या घरी जाऊन पेपर लिहिण्यासारखं.

शेवटी एकच तयार झाली. वैशाली तिचं नाव. उरणजवळच्या मोऱ्याची, कोळ्यांची मुलगी, स्कूटरवर शिडी बांधून फिरायची. तिची आणि चाचांची पहिली भेट तलावाच्या कठड्यापाशी झाली होती. ती पापलेट रंगवत होती आणि चाचांनी मागून सांगितलं होतं की पापलेटाचं तोंड असं नसतं.

"चाचा, मी मोऱ्याची हाय," मागे न बघता ती म्हणाली होती. "मासली मला नका शिकवू. तुमी ताटातली बघता, मी जाल्यातली बघतंय."

चाचांनी तिथून पाय काढला होता. घरी येताना फक्त एकदा म्हणाले, "तोंड तसंच असावं बहुतेक." त्यांच्या आयुष्यातली ही मोठीच माघार होती.

भिंतीवर काय काढायचं ते त्यांचं ठरलेलं होतं. अब्बांचा मचवा. माणूस नाही, पक्षी नाही, पाणी आणि मचवा.

"मानूस नाय तर मचवा चालवतो कोन?" वैशालीनं विचारलं.

"अल्ला चालवतो."

"मंग शीड तरी मोठं काढतंय. त्यात वारा तरी दिसंल."

पण भिंत समाईक. पलीकडची परवानगी हवी. चाचांनी वैशालीलाच पाठवलं. ती परत आली आणि म्हणाली, "ते हो म्हनतात. पन सांगितलंय, होडी काढायची तर सगल्या भिंतीवर काढा. बाप एकट्याचा नव्हता."

चाचांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "त्यांना सांग, एकट्याचा होता असं कोण म्हणालं?"

इथून पुढे वैशालीचं चित्रकाम कमी आणि निरोप्याचं काम जास्त झालं. मचवा कुठल्या बाजूला तोंड करून चालवायचा? चाचांना तो त्यांच्या फाटकाकडे यायला हवा, भावाला त्याच्या. कोळशानं काढलेली नाळ, मचव्याचं पुढचं टोक, सकाळी उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे व्हायची. शेवटी तिनंच तोड काढली. मचवा बरोबर भिंतीच्या मध्यावर घेतला आणि समोरून काढला, नाळ थेट रस्त्यावर रोखलेली, जसा आता बघणाऱ्याच्या अंगावर येणार. घराच्या मधली भिंत जिथे कुंपणाला भिडत होती, तिथेच नाळेची उभी रेघ. अर्धा मचवा यांचा, अर्धा त्यांचा.

चाचा पलीकडे जाऊन, चष्मा काढून बघत राहिले. "आता हा शाळेत शिरणार," ते म्हणाले. पण पुसायला सांगितलं नाही.

मग पट्ट्याचा प्रश्न आला. मचव्याच्या काठाखालून जाणारा रंगाचा पट्टा. चाचा म्हणाले हिरवा. पलीकडून निरोप आला, निळा. चाचांनी कळवलं, डोळे तपासून घ्या. उत्तर आलं, आम्ही रोज बंदरावर डबा घेऊन जायचो, काही लोक परदेशात होते.

त्या दिवशी रविवार होता, उन्हं चढली होती. चाचा त्यांच्या फाटकात उभे, भाऊ त्याच्या फाटकात, मध्ये स्टुलावर वैशाली, हातात कोरडा ब्रश. मी वरच्या खिडकीत. चाचा वैशालीला म्हणाले, "त्यांना सांग, परदेशी जायच्या आधी डबा कोण न्यायचं, ते आठवून बघा म्हणावं."

वैशाली स्टुलावरून उतरली. ब्रश बादलीत टाकला. "मी रंगारी हाय, पोस्टमन नाय," ती म्हणाली. "दोघं समोर उभे हाव. तोंडं दिलीत ना देवानं? मी चाय पिऊन येतंय." आणि ती खरोखरच रस्ता ओलांडून टपरीवर जाऊन बसली.

चाचांनी भिंतीकडे बघत म्हटलं, "हिरवा."

भाऊही भिंतीकडेच बघत होता. "निळा."

इतक्या वर्षांनी दोन भाऊ एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. मग एकदम बांध फुटला. हिरवा, निळा, टाकी, फाटक, मुलीच्या लग्नाला आलात तर कोपऱ्यात बसलात, तुम्ही बोलावलंत कुठे, असं काय काय निघालं. आवाज चढले. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. आणि मग चाचांचा आवाज चिरकला. "मला तोंड बघू दिलं नाहीस," ते म्हणाले. "बापाचं तोंड बघू दिलं नाहीस तू."

भावानं पहिल्यांदाच चाचांकडे वळून पाहिलं. मग हळू आवाजात, पण मला वरपर्यंत ऐकू आलं, म्हणाला, "ते शेवटी विचारत होते, थोरला आला का. सारखं तेच. मी म्हटलं, आला अब्बा. बाहेर चपला काढतोय. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले. मरणाऱ्या बापाशी मी खोटं बोललो, भाई. तुमच्यासाठी बोललो. आणि तुम्ही दारात येऊन मलाच विचारलंत, थांबता आलं नाही?"

चाचा उभे होते तिथेच राहिले. त्यांचा हात फाटकाच्या कडीवर होता, तो उगाच कडी वर-खाली करत राहिला. चाची दारात आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं चाचांनी टपरीकडे बघून हाक मारली, "वैशाली! ये. त्याच्या बाजूला निळा मार."

"आनि तुमच्या?"

"माझ्या बाजूला हिरवा. मी आंधळा नाही."

असा तो मचवा झाला. डावीकडे हिरवा पट्टा, उजवीकडे निळा, मध्ये नाळ. लोक त्याचे नाना अर्थ लावायचे. कुणी म्हणे ही एकात्मता आहे. कुणी म्हणे रंग संपला असेल. चाचा दोघांनाही तोडलेला माशाल्ला द्यायचे.

या प्रसंगानंतर भाऊ गळ्यात गळे घालून राहू लागले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. ते भांडू लागले. रोज संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर, भिंतीशी खुर्च्या टाकून, दोघं आपापल्या फाटकात बसून पट्ट्यावरून भांडायचे. तिथून बंदराची पायरी किती तुटकी होती, अब्बा तंबाखू कुठल्या खिशात ठेवायचे, यावर जायचे आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा पट्ट्यावर येऊन थांबायचे. माझी झोपेची वेळ बिघडली. रविवारच्या फेऱ्यांना आता भाऊही येऊ लागला. त्याला चित्रातलं काही कळत नसे आणि त्याला प्रत्येक भिंत आवडायची. यावर चाचांचा संताप बघण्यासारखा असे.

एकदा मी चाचींना विचारलं, "खरं काय होतं? हिरवा की निळा?"

चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "मचवा सासऱ्यांचा कुठे होता? एका व्यापाऱ्याचा होता," त्या म्हणाल्या. "दर पावसाळ्यानंतर तेल लावायचे, रंग द्यायचे. त्या साली जो रंग मिळेल तो. मी नवी नवरी आले तेव्हा तर लाल होता."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगू कशाला?" त्या म्हणाल्या. "भांडण संपलं तर दोघं बोलतील कशावर?"

पुढे माझी बदली पुण्याकडे झाली. ईदला फोन व्हायचा. फोनवर चाचा तब्येत विचारायच्या आधी तिकडे कोणत्या भिंती आहेत ते विचारायचे. मग एकदा चाचींचा फोन आला. धाकटा भाऊ गेला. दोन-तीन दिवसांचा ताप काय झाला आणि गेला. या वेळी चाचा पहिल्यापासून उशाशी होते. गुस्ल, शेवटची आंघोळही त्यांनीच घातली, खांदाही दिला. चाची म्हणाल्या, "एकदा येऊन जा. यांचं बोलणं कमी झालंय."

मी गेलो तो एका दुपारी. गल्लीच्या तोंडाशीच वैशालीची स्कूटर दिसली. ती स्टुलावर चढून चाचांच्या बाजूचा हिरवा पट्टा खरवडत होती. चाचा रस्त्याच्या पलीकडे, शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभे. मी जवळ गेलो. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"दुरुस्ती," ते म्हणाले. "निळा होता."

"तुम्ही तर म्हणायचात..."

"म्हणायचो. समोर माणूस होता, म्हणून म्हणायचो. आता एकट्यानं हिरवा धरून बसू?"

दारात चाची उभ्या होत्या. माझी त्यांची नजरानजर झाली. त्यांनी 'नको' म्हणून मान जराशी हलवली आणि आत चहा टाकायला गेल्या.

वैशालीनं निळ्या रंगाचा नवा डबा फोडला आणि एक हात मारला. चाचा लगेच रस्ता ओलांडून गेले. भावाच्या बाजूचा पट्टा त्यांनी बोटानं चाचपला, परत येऊन नवा बघितला. "इतका नवा नको," ते म्हणाले. "त्याच्या निळ्याशी जुळला पाहिजे."

तिनं पांढरा मिसळला. ते पुन्हा भावाच्या बाजूला गेले, पुन्हा आले. तिनं किंचित राखाडी घातला. पुन्हा तेच. ही मुलगी आता डबा फेकून चहाला जाणार, असं मला वाटलं. पण ती पुसत राहिली, कालवत राहिली, ते सांगतील तसं.

"आता?" तिनं विचारलं.

चाचांनी चष्मा काढला. डोळे बारीक करून इकडचा पट्टा बघितला, तिकडचा बघितला.

"थोडा आणखी फिका कर," ते म्हणाले. "त्याच्या बाजूला ऊन जास्त लागतं."